नकाशावरचा धुरा

१

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बापूजींचं सौर पंपांच्या दुरुस्तीचं ऑफिस होतं. नकाशा येण्याआधी तिथली सकाळ म्हणजे दारव्ह्याचा आठवडी बाजार. फोनवर शेतकरी ओरडायचे, फोन घेणारी साधना ओरडायची, आणि त्या दोघांवर बापूजी ओरडायचे. कळंबकडे पाठवायचा माणूस दारव्ह्याला गेलेला असायचा आणि दारव्ह्याचा माणूस कळंबला चिंतामणीच्या देवळासमोर चहा पीत बसलेला. भीमराज आणि संघदीप हे दोघंच मेकॅनिक. ते भर रस्त्यात एकमेकांना आडवे जायचे, हात हलवायचे आणि चुकीच्या दिशेला खुशाल पुढे निघायचे.

त्या साली बोंडअळीनं अख्ख्या जिल्ह्याचा कापूस आतून पोखरला. सतरा सालची गोष्ट. कापूस गेला तरी पंप बिघडायचे थांबत नाहीत, म्हणून बापूजींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून एक सॉफ्टवेअर घेतलं. कंप्युटरवर जिल्ह्याचा नकाशा दिसणार, त्यावर प्रत्येक पंपाची पिन आणि प्रत्येक मेकॅनिकचा चालता-फिरता हिरवा ठिपका. तक्रार आली की पिन लाल होणार, आणि ज्याच्या हद्दीत ती पिन, त्याच्या मोबाइलवर काम आपोआप जाणार. पुण्याचा एक मुलगा हे सगळं फोनवरून शिकवणार होता. बापूजींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि फोन साधनाच्या हातात दिला.

"हे माह्या डोस्क्याच्या बाहेरचं हाय बाप्पा. तूच पाह्य."

आणि साधनानं असं पाहिलं, की पाहत राहावं. शेतकऱ्यांचे पत्ते कसले, तर 'नाल्याच्या अलीकडं, मोठ्या कडुनिंबापाशी'. असल्या पत्त्यांपुढे हात टेकून सॉफ्टवेअरनं सगळे पंप यवतमाळच्या बसस्टँडवर नेऊन ठेवले होते. तिनं एकेका शेतकऱ्याला फोन लावला, नकाशावर त्याचा नाला शोधला, कडुनिंबाची सावली शोधली, आणि एकेक पिन बोटानं उचलून आपापल्या वावरात नेऊन रोवली. असं काम करणारं माणूस ऑफिसात असणं हे बापूजींचं भाग्यच म्हणायचं.

शेवटी हद्दी काढायच्या राहिल्या. कळंबकडची भीमराजची, ती निळी. दारव्ह्याकडची संघदीपची, ती पिवळी. माउस धरून तिनं एक काढली, दुसरी काढली, आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीक पांढरी पट्टी सोडली. लोहाऱ्याच्या पश्चिमेला, दारव्हा रस्ता कापून, वरपासून खालपर्यंत. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा बाप कळंबजवळचा लहान शेतकरी. दोन वावरांच्या मध्ये धुरा असतो, तो कुणा एकाचा नसतो, त्यावर गवत वाढतं आणि नांगर फिरत नाही, हे ती चालायला लागल्यापासून बघत आली होती. दोन वावरं एकमेकांना चिकटवणं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. चूक म्हणायची तर एवढीच, आणि ती पुण्याच्या मुलाकडून कधी झाली नसती.

२

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, पण हा नकाशा रोज नवा वाटायचा. सकाळी साधना खुर्चीत बसली की दोन ठिपके निघायचे. भीमराजचा ठिपका रस्त्यानं सरळ जायचा. संघदीपचा मात्र चहाच्या प्रत्येक टपरीशी थांबायचा. पिना लालच्या हिरव्या होत जायच्या. बापूजी मागे उभे राहून बघायचे आणि हातातला चहा थंड व्हायचा.

"जिल्हा कसा तळहातावर आणून ठेवला पोरीनं," ते येईल त्याला सांगायचे.

संघदीप हा साधनाचा नवरा. हाताचा अत्यंत कसबी, पण तोंडाचा असा तक्रारखोर, की उभ्या लोहाऱ्यात जोड नाही. रस्त्यात खड्डे आहेत, चहात पाणी आहे, बापूजी डोकं खातात, उन्हाळा तापतो, हिवाळा झोंबतो. घरी आला की चपला काढता काढता त्याचं सुरू व्हायचं. ऑफिसात सगळे हसायचे: साधनाले दिवसभर ऑफिसात तक्रारी, अन् घरी गेली की ढीगभर. साधनाही हसायची. खरं तर तिला ते आवडायचं. बाहेर चाक थांबलं आणि "काय साला रस्ता हाय" ऐकू आलं, की माणूस धडधाकट घरी आला हे तिला कळायचं. या माणसावर तिचा फार जीव होता, आणि तो त्याच्या कुरकुरीसकट होता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिनं नकाशा उघडला आणि पांढरी पट्टी तिला जरा रुंद वाटली.

नकाशा जवळ ओढला गेला असेल, म्हणून तिनं तो लहान करून पाहिला. मग तिची नजर लीलाबाईच्या पंपाच्या पिनवर गेली. ही पिन तिनं स्वतः रोवली होती, संघदीपच्या पिवळ्या रंगात, अगदी कडेला. आता ती पांढऱ्यात उभी होती.

पिन हलली नव्हती. नाला तिथेच, कडुनिंब तिथेच. हललेली हद्द होती.

३

साधना शहाणी बाई. तिनं आधी बापूजींना विचारलं. त्यांनी माउसला हात न लावायचीच शपथ घेतली होती. मग पुण्याला फोन लावला.

"मॅडम, माझ्याकडे तर दोन्ही झोन एकमेकांना चिकटलेलेच दिसतायत," तो मुलगा म्हणाला. "मधे काहीच नाहीये."

"पांढरी पट्टी नाही दिसत?"

"नाही हो. छान काढलंय तुम्ही. एकदम स्वच्छ काम."

तिनं पिवळ्या रंगाची कड धरली, ओढत ओढत निळ्याला नेऊन भिडवली आणि काम सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी परत आली होती आणि आदल्या दिवशीपेक्षा रुंद होती. मग ती रोजच रुंद होत गेली. जे काही व्हायचं ते रात्रीतून व्हायचं. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून बसायची, तेव्हा रेघ जागची हलायची नाही. कंप्युटरची काहीतरी गडबड, असं तिनं मनाला समजावलं. पण मन बापाच्या वावरात वाढलेलं होतं आणि ते ऐकेना. धुरा कधी रुंद होत नसतो. दोन्हीकडचे शेतकरी दर वर्षी नांगराचं एकेक तास घुसवून त्याला कुरतडत असतात, त्यावरून डोकी फुटतात, आणि धुरा बिचारा बारीक बारीक होत जातो. कुंपणानं शेत खाल्ल्याचं तिनं ऐकलं होतं. धुऱ्यानं वावर खाल्लेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आणि पट्टीत गेलेल्या पंपांची एकही तक्रार येत नव्हती.

बापूजींना हे कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली. सुंठीवाचून खोकला गेला! पण साधनाला लीलाबाई माहीत होती. दारव्हा रस्त्यावरची ती म्हातारी एक दिवसाआड फोन करायची. "तुमचा माणूस जिता हाय का मेला? वावरात पाणी नाही, मी का डोयातलं देऊ पऱ्हाटीले?" आपल्या कापसाच्या झाडांवरून असली तिची भाषा. पट्टीत गेल्यापासून तिचा फोन नव्हता. शेवटी साधनानंच लावला.

"लीलाबाई, पंप बरा चालू हाय ना?"

"बेस हाय बाई. सारं बेस हाय."

इतका गोड आवाज लीलाबाईचा असू शकतो हे साधनाला माहीत नव्हतं.

"अन् पऱ्हाटी? अळी लागली असंन न?"

"कायची अळी? पांढरीशुभ्र फुटली. वेचून राह्यलो."

"या वर्षी मजूर भेटले तुमाले?"

"आम्ही सारेच हाओ न येथी," लीलाबाई म्हणाली. साधनाच्या लक्षात आलं की म्हातारीचं उत्तर तिचा प्रश्न संपायच्या आधीच सुरू होतं, आणि तरी त्यात घाई अशी नसते. मागे वाळल्या पाल्यातून कुणीतरी चालल्याचा आवाज होता. एकाचा नव्हे, पुष्कळांचा, पण पाऊल एकदमच पडत होतं. साधना बोलायची थांबली तसा तोही थांबला.

"तू कवा येतं बाई?" लीलाबाईनं प्रेमानं विचारलं.

साधनानं फोन ठेवून दिला.

४

तिनं संघदीपला जाता जाता पंप बघून यायला सांगितलं. हे तिनंच सांगितलं, आणि पुढे कितीही वाटलं तरी ते परत घेता आलं नाही.

त्याचा ठिपका दारव्हा रस्त्यानं गेला. पट्टीच्या कडेला पोचला आणि करडा झाला. दुपारभर तो तिथे एका जागी होता. मग तो पुन्हा हिरवा होऊन बाहेर आला, आणि घराकडे सरळ आला. वाटेत एकाही टपरीशी थांबला नाही.

दारात चाक थांबलं. साधना चुलीपुढून कान देऊन होती. चपला निघाल्या, पाय धुतले गेले, आणि तो आत आला तो हसत.

"रस्ता कसा होता?" तिनं विचारलं.

"मस्त होता."

ज्या रस्त्याला त्यानं आजवर फक्त शिव्या दिल्या होत्या, तो मस्त होता. त्यानं खिशातून कापसाचं फुटलेलं बोंड काढून तिच्या हातावर ठेवलं. असा कापूस तिनं त्या वर्षी सोडा, जन्मात पाहिला नव्हता. लांब धागा, दुधासारखा रंग, कीड नाही, डाग नाही. लहानपणच्या सवयीनं तिची बोटं त्यात सरकी शोधू लागली. तिनं एक पाकळी उकलली, दुसरी उकलली, सगळं बोंड पिंजून काढलं. सरकी नव्हती. झाडावरनं तोडलेल्या बोंडात बीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पिंजलेला कापूस बापूजींनी उजेडात धरून पाहिला. "वा रे वा! सरकी काढायचं जिनवाल्याचं कामच वाचवलं," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. साधनाला हसू आलं नाही.

"लय साजरं काम केलं तू," आदल्या रात्री जेवताना संघदीप म्हणाला होता. "तुह्या धुऱ्यावर एकदा येऊन तं पाह्य."

तिनं घास खाली ठेवला. धुरा हा शब्द तिनं कुणाजवळच उच्चारला नव्हता. मेकॅनिकच्या मोबाइलवर हद्दी दिसतही नव्हत्या.

५

मग तो रोज जायला लागला. काम असो नसो, ठिपका पट्टीशी जायचा आणि करडा व्हायचा. घरी यायचा तो शांत, तृप्त, गोड बोलणारा. शेजारणी म्हणायच्या, "काय जादू केली वं नवऱ्यावर? आमच्यालेही शिकव." साधना रात्री त्याच्याकडे बघत बसायची. तोच चेहरा, तेच तेलकट हात. पण घरात शिरलेला माणूस तिचा होता की नाही, हे ओळखायची तिची खूणच गेली होती.

"उद्या नका जाऊ तेथी," ती म्हणाली.

"कायले?"

"मले भेव लागते."

"भ्यायचं का हाय त्यात? सारं बेस हाय," तो म्हणाला, आणि तेही तिचं बोलणं संपायच्या आतच.

एका संध्याकाळी ठिपका पट्टीतून बाहेर आलाच नाही. तिनं फोन लावला तर त्यानं लगेच उचलला. "येतो न. घाई का हाय?" मागे वाळल्या पाल्यातली पावलं चालली होती. ती रात्र तिनं दारात बसून काढली.

सकाळी तिनं चूल पेटवली. वांग्याची भाजी केली आणि तिच्यात मीठ टाकलं. एक मूठ, वर आणखी एक, आणि शेवटी हातात राहिलेलं सगळं. जनावरही तोंड लावणार नाही अशी भाजी केली. तिला एवढंच हवं होतं की संघदीपनं एक घास घ्यावा, तो थुंकावा, आणि "हे का बनवलं वं?" म्हणून तिच्यावर ओरडावं. एकदा तो ओरडला की तो तिचा. मग हात धरून त्याला घरी आणायचं आणि जन्मभर त्याच्या तक्रारी ऐकत बसायचं. ज्या बाईला हे सुचलं, तिच्या जिवाला किती लागलं असेल ते बघा.

भाकरी-भाजीचा डबा बांधून ती ऑफिसात गेली आणि तिनं नकाशा उघडला. पट्टीची कड दारव्हा रस्त्यावरच्या एका पुलापर्यंत आली होती. पुलाच्या अलीकडे बाभळीचं एक झाड होतं, ते अजून निळ्यात होतं. दिवसा रेघ हलत नाही, हे तिला माहीत होतं. बाभळीखाली बसायचं आणि त्याला तिथे बोलवायचं, असं तिनं ठरवलं.

६

भीमराजनं तिला मोटरसायकलवरून नेलं. तो संघदीपपेक्षा वयानं मोठा, तिला बहीण मानणारा. बाभळीपासून जरा मागे, रस्त्यावरच त्यानं गाडी लावली.

"मले तं येथी काहीच दिसून नाही राह्यलं," तो डोळ्यांवर हात धरून म्हणाला. "इकडून तिकडून अळीनं खाल्लेली पऱ्हाटी, अन् मधात हातभर धुरा."

साधनाला दिसलं.

हातभर धुऱ्याच्या जागी पुलापलीकडे सगळं पांढरं होतं. असा कापूस, की कुणीही हात जोडावे. त्या पांढऱ्यात बाया-माणसं ओळीनं वेचत होती. कमरेला बांधलेल्या ओट्या तुडुंब भरल्या होत्या आणि झाडावरचा कापूस तसूभर कमी होत नव्हता. ओळ डावीकडे नजर पोचेल तिथपर्यंत होती, उजवीकडेही तितकीच. त्या अंगानं कोणकोणती गावं लागतात हे तिला नकाशावरून पाठ होतं. तिनं ती मनात म्हणायला सुरुवात केली आणि थांबवली. सगळ्यांच्या पाठी होत्या. त्यांतली एक पाठ लीलाबाईची असावी. ती वळू नये असं साधनाला फार वाटलं, आणि ती वळली नाही.

तिनं फोन लावला, तसा संघदीप ओळीतून निघून तिच्याकडे आला. बाभळीखाली तिच्यासमोर मांडी घालून बसला. तो आल्याबरोबर तिला रडूच फुटलं.

"जेवा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आणलं."

त्यानं भाकर मोडली आणि भाजीत बुडवून भलामोठा घास घेतला. साधना त्याच्या तोंडाकडे बघत होती. मागे ओळीतले सगळे हात वेचता वेचता थांबले होते. त्यानं घास चावला, सावकाश गिळला, आणि दुसरा घेतला.

"कशी झाली?" तिनं विचारलं. "खरं सांगा. काही कमी-जास्त?"

"लय मस्त झाली," संघदीप म्हणाला.

"अहो, मीठ पाहा त्यातलं! दोन मुठी टाकलं मी. थुंका ते! शिव्या द्या मले, काहीही म्हणा, पण एकदा ओरडा ना!"

तो हसला. त्यानं बोटं चाटली. त्याला ओढून नेण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं, आणि दुसरं काही तिला सुचत नव्हतं. या भाजीला मस्त म्हणणारा माणूस माणसात नाही, हे त्याच्या तोंडावर सिद्ध करायला तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत खुपसला आणि रागानं तोंडात घातला.

पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. मग तिनं चावलं. मीठ बरोबर होतं. तिखट बरोबर होतं. वांगं कसं लोण्यासारखं शिजलं होतं. अशी भाजी आपल्या हातून कधी झाली नव्हती, असं तिला वाटलं. तिनं डोळे पुसले आणि आणखी एक घास घेतला. मागच्या ओळीतले हात पुन्हा चालू लागले.

"साधनाबाई!" रस्त्यावरून भीमराज ओरडत होता. "कोनाशी बोलून राह्यल्या तुम्ही? चला न आता, ऊन का चटके देऊन राह्यलं! अन् हा रस्ता, हे खड्डे, माह्यी तं कंबर गेली!"

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एवढा चांगला माणूस, आणि उगाच कुरकुर करत होता. ऊन कसं कोवळं होतं. संघदीपनं डबा तिच्याकडे सरकवला. त्यात अजून पुष्कळ भाजी होती. तिनं एका भाकरीचे दोन भाग केले आणि हात हलवून भीमराजला बोलावलं.

"भीमराजदादा, तुम्हीही या न इकडं," ती प्रेमानं म्हणाली. "दोन घास खाऊन घ्या. लय मस्त झाली."